पंचेचाळीस

नळी उन्हात धरायची नाही, चोपड्याहून आलेल्या बाई सांगून गेल्या.
सावलीत, पांढऱ्या कागदासमोर, डोळ्यांच्या रेषेत.
पुडी रिकामी करायची, बूच लावून हलवायचं
आणि दहा मिनिटं काहीच करायचं नाही.

बारा वर्षं मी कुंडवेलचं पाणी सोडतो.
पहाटे पाचला वॉल्व्ह, मग टाकीत टी.सी.एल.
बायको म्हणते, तुमना हातले दवाखानाना वास येस.
मला तो वास आवडायचा.
पाण्यात जे काही वाईट असतं ते जिवंत असतं
आणि माझ्या हातून मरतं,
अशी माझी समजूत होती.

हे मरत नाही. जगतच नव्हतं.
रंग नाही, गढूळपणा नाही, जाळं नाही की अळी नाही.
चव म्हणाल तर गावविहिरीचं पाणी गोड.
लग्नाला आलेले पाहुणे जाताना कॅन भरून नेतात.

दहा मिनिटं.
नळीत आधी काही नाही.
मग तळाशी, चूक कबूल करावी तसा,
फिक्का गुलाबी.
मग गुलाबी.
मग कोकिळाच्या पोरीच्या बारशाला
सोसायटीच्या ओट्यावर फुगे लावले होते
तेवढा.

तक्त्यावर चौकोन आहेत. दहा. पंचेचाळीस. शंभर.
पंचेचाळीसपर्यंत पिण्यायोग्य.
माझा रंग कुठल्याच चौकोनात बसेना,
म्हणून बाटली बर्फात घालून चोपड्याला पाठवली.
आठवड्याने कागद आला : अठ्ठ्याहत्तर.

विहिरीच्या तिन्ही अंगांना केळी.
पश्चिमेची दीड एकर माझी.
चौथ्या दिवशी ड्रममध्ये युरिया कालवून
मीच व्हेंच्युरीला नळी लावतो,
लिहून दिलेल्यापेक्षा दोन ओंजळी जास्त.
शेजारी मुरलीधरचं पान
माझ्यापेक्षा काळं दिसू नये एवढंच.
झाडानं घेतलं ते घडात दिसलं, व्यापाऱ्यानं मोजलं.
घेतलं नाही ते कुठं गेलं?
पाणी खाली जातं,
हे पंप चालवणाऱ्याला
कागदावरून कळावं लागलं.

ग्रामसेवक म्हणाले, रजिस्टरात पेन्सिलीनं लिहा.
पाऊस होऊ द्या, मग पुन्हा घेऊ.
सरपंच म्हणाले, लाल कार्ड लागलं तर
गावाचं नाव बाजारात जाईल.
मुरलीधर म्हणाला, आजोबा नव्वद वरीस हेच पानी पीना.
आजोबांच्या वेळी त्या रानात बाजरी होती,
हे मी मनात म्हणालो.
पेन मात्र खिशात होतं.

आता कोकिळाचं सांगतो.
पोरगी तीन महिन्यांची, अंगावरचं दूध पुरत नाही,
म्हणून डब्यातलं. पाणी ती फडक्यातून दोनदा गाळते,
पातेल्यात उकळते, निम्मं होईस्तोवर आटवते.
गावात एवढं जपून कोणी करत नाही.
वाफ जाते ती स्वच्छ जाते.
हे जात नाही. कमी पाण्यात तेवढंच राहतं,
दाट होतं.
आणि टाकीच्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटनं,
हातभर अक्षरांत लिहिलंय :
पाणी उकळून प्या.
अक्षर माझं आहे. 'ळ' जरा वाकडा आलाय.

सातपुड्याच्या पायथ्याला पावऱ्यांचा पाडा आहे.
तिथल्या हातपंपाला आम्ही नाक मुरडतो, पाणी मचूळ लागतं.
परवा तिथली नळी धरली.
दहा मिनिटं. पंधरा.
कागद पांढरा, पाणी पांढरं.
हातपंपावरची म्हातारी माझ्या नळीकडे बघून हसली.
काही दिसत नाही, म्हणाली.
हो, म्हटलं, तेच बघतोय.

आज दोन कॅन मोटरसायकलला बांधून आणले.
कोकिळा दारात उभी, पोर खांद्यावर.
पोरीची नखं मी चोरून बघितली,
निळी आहेत की उजेडच तसा, ठरवता आलं नाही.
आशाताईंना निरोप धाडलाय.

काका, मंग उकाळू का नको?
हे उकळ, म्हणालो. ते नको.
पानी तर गोड शे ते, ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.
तिच्या दारातून टाकी दिसते. अक्षरं दिसतात.